बैल गेला नि झोपा केला!

चोरी म्हटली की फोडलेले कुलूप, उचकटलेली कडी आणि विस्कटलेली पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु घराचे दार शाबूत, किल्ली कनवटीला जशीच्या तशी, आणि तरीही घरधनी पुरता नागवला गेलेला, अशी चोरी आता आपल्या परिचयाची होऊ लागली आहे. या चोरीत प्रथम माणसाची ओळख चोरली जाते. धन तिच्यामागून आपोआप चालू लागते. शहरातील सुशिक्षितांना हे संकट गेल्या आठ-दहा वर्षांत उपटल्यासारखे वाटते, कारण त्याची झळ दूरध्वनीच्या वाटेने त्यांच्या दिवाणखान्यापर्यंत आताच पोचली आहे. आमच्या नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या रानात मात्र ओळखीची चोरी ही जुनी गोष्ट आहे. तिचा इतिहास नीट वाचला असता, तर आज बँका, पोलीस आणि सरकारी खाती ज्या गोंधळात सापडली आहेत तो पुष्कळसा टळला असता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैनगंगेच्या काठचा, सागाच्या जंगलाचा हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, आंध, परधान, मन्नेरवारलू अशा जमातींची वस्ती येथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. राज्यघटनेने या जमातींना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा दिल्या. महाराष्ट्रात सरकारी सेवेतील हा वाटा सात टक्के आहे. वाटा लहान, परंतु ज्याच्या सात पिढ्यांनी कचेरीची पायरी चढली नाही त्याच्या दृष्टीने तो मोठा आहे. मोलाची वस्तू म्हटली की तिच्यावर डोळा ठेवणारे आलेच. येथे हातात सुरा घेतलेला दरोडेखोर आला नाही. एक कागद घेतलेला पांढरपेशा माणूस आला. त्या कागदावर लिहिले होते की, हा गृहस्थ अमुक जमातीचा आहे.

जमातींच्या यादीला पूर्वी प्रदेशाच्या मर्यादा होत्या. त्या संसदेने १९७६ च्या कायद्याने काढून टाकल्या आणि २७ जुलै १९७७ पासून तो कायदा अमलात आला. हेतू चांगला होता. एका तालुक्यातला गोंड आदिवासी ठरावा आणि शेजारच्या तालुक्यातला त्याचा सोयरा ठरू नये, हा अन्याय होता आणि तो दूर झाला. परंतु दार उघडले की वारा येतो तसा धुरळाही येतो. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे साडेएकोणतीस लाख होती. १९८१ मध्ये ती सत्तावन्न लाखांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! ही सारी वाढ लबाडीची होती असे म्हणणे अविवेकाचे होईल. मर्यादा उठल्यामुळे पूर्वी वगळले गेलेले असंख्य खरे आदिवासी प्रथमच मोजले गेले. परंतु या वाढीत खरे किती आणि खोटे किती, हे त्याच वेळी दारोदार जाऊन तपासण्याची व्यवस्था कोणी उभी केली नाही. आकडा वहीत लिहिला गेला आणि वही मिटली गेली. फसवणुकीचा माग काढण्याच्या कामात आपल्या देशातील संस्थांचे जे पहिले अपयश आहे ते हेच: आकडा नोंदवणे म्हणजे तपास करणे, असा त्यांचा समज असतो.

या लबाडीचे तंत्र साधे आहे. यादीतील जमातीच्या नावाशी आपल्या जातीच्या नावाचे जरासे साम्य असले की काम भागते. विदर्भात हलबा आणि कोष्टी, इतरत्र महादेव कोळी आणि कोळी, आमच्या भागात मन्नेरवारलू आणि मुन्नूरवार या नावांच्या घोटाळ्यावर न्यायालयांची शेकडो पाने खर्ची पडली आहेत. त्यात भर म्हणून शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत आजोबांच्या नावापुढे मागाहून निराळ्या शाईने एक शब्द घातला जातो. त्या उताऱ्यावर दाखला मिळतो. त्या दाखल्यावर मुलाला, पुतण्याला, भाच्याला दाखले मिळतात. एका खोट्या शब्दाचे सारे कुटुंब तयार होते. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आम्ही कोणत्याही जातीला चोर म्हणत नाही. मन्नेरवारलू ही खरी जमात आहे आणि तिची खरी माणसे या घोटाळ्यात दुहेरी भरडली जातात. ज्या समाजांना आपणही यादीत असावे असे वाटते, त्यांचे दारिद्र्यही खरे असू शकेल. परंतु राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमानुसार यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. तो शाळेतल्या कारकुनाच्या टाकाचा नाही.

२ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील अशाच एका प्रकरणात जो निकाल दिला, तो ओळखीच्या फसवणुकीचा माग कसा काढावा याचा आमच्या मते आजही उत्तम वस्तुपाठ आहे. न्यायालयाने तपासणी समिती नेमावयास सांगितली. तिच्या हाताशी पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली दक्षता पथक दिले. त्या पथकाने अर्जदाराच्या मूळ गावी जावे, शाळेची व जन्माची नोंद पाहावी, घरच्या माणसांना भेटावे, कुलदैवत, लग्नविधी, अंत्यविधी, चालीरीती यांची चौकशी करावी, असा क्रम घालून दिला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही चौकशी शक्य तर दररोज चालवून दोन महिन्यांच्या आत संपवावी, असे बजावले. दोन महिने! न्यायमूर्तींनी हा आकडा उगीच घातला नव्हता. खोट्या दाखल्यावर प्रवेश मिळवायचा, मग अपिलांवर अपिले करून वेळ काढायचा आणि शिक्षण पुरे झाले की दया मागायची, ही युक्ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. या फसवणुकीचा खरा साथीदार विलंब आहे, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे काय झाले ते पाहा. २८ नोव्हेंबर २००० रोजी घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणाचा निकाल दिला. ज्या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशावरून वाद होता त्याला प्रवेश मिळून सुमारे पंधरा वर्षे लोटली होती. तो डॉक्टर झाला होता. त्याच्या शिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च झाला होता. न्यायालयाने तत्त्व उचलून धरले, परंतु त्याची पदवी अबाधित ठेवली; यापुढे मात्र त्याने जमातीचा लाभ घेऊ नये, असे सांगितले. त्या स्थितीत दुसरे काय करता आले असते? पदवी परत घेऊन ती १९८५ साली दाराबाहेर राहिलेल्या आदिवासी मुलाला देता येणे शक्य नव्हते. बैल केव्हाच निघून गेला होता. झोपा कितीही पक्का बांधला तरी गोठा रिकामाच होता.

महाराष्ट्राने यावर कायदा केला. २००१ चा तेविसावा हा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर आला. खोटा दाखला रद्द झाला की मिळालेले लाभ काढून घ्यावेत आणि शिष्यवृत्तीची रक्कम वसूल करावी, असे ठरले. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, अथवा दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. जाणूनबुजून खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा ठेवली गेली. कागदावर तरी कुंपण भक्कम होते. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ अधिक ठामपणे सांगितला: कायद्याने जे परिणाम ठरवले आहेत ते सरकारी परिपत्रकांनी टाळता येणार नाहीत. त्यानंतर राज्यात सुमारे ११,७०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिल्याच्या बातम्या २०१८ च्या आरंभी प्रसिद्ध झाल्या. आणि २१ डिसेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने काय केले? दावे अवैध ठरलेल्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर नेऊन बसवले. त्यांनी अडवलेल्या जागा खऱ्या आदिवासींसाठी मोकळ्या कराव्यात, हा त्यातील चांगला भाग; परंतु पगार चालू राहिला, आणि २०२२ साली सेवेचे व निवृत्तीचे लाभही देण्याचे ठरले. वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला आणि त्याच्या मुलाबाळांना एका दिवसात रस्त्यावर आणणे क्रूरपणाचे होईल, हा युक्तिवाद आम्हांस समजतो. परंतु पंचवीस वर्षे कशी लोटली, आणि त्या पंचवीस वर्षांत जी आदिवासी मुले रस्त्यावरच राहिली त्यांच्याविषयीची करुणा कोणत्या शासननिर्णयात आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या युक्तिवादात सापडत नाहीत.

विलंबाची दुसरी बाजू याहून दुःखद आहे. जो यंत्राचा उशीर लबाडाला लाभतो तोच प्रामाणिकाचा गळा घोटतो. वैधता प्रमाणपत्र वेळेवर हाती न आल्यामुळे खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याचा प्रवेश अडतो. सख्ख्या भावाचा दावा वैध आणि बहिणीचा अवैध, असे प्रकार न्यायालयांपुढे येतात. घरातील बोली बदलली, पोरे वसतिगृहात वाढली, जुने विधी मोडले, म्हणून जमातीशी नाते नाही असे म्हणता येईल काय? २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालीरीतींची परीक्षा ही अंतिम कसोटी नव्हे, आणि राज्यघटनेपूर्वीच्या जुन्या कागदपत्रांना अधिक वजन दिले पाहिजे. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत एका तपासणी समितीचा उल्लेख ‘किनवट, मुख्यालय औरंगाबाद’ असा आढळतो. नाव किनवटचे आणि कचेरी साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर! मांडवीच्या किंवा इस्लापूरच्या पाड्यावरील कोलामाने आपण कोलाम आहोत हे सिद्ध करण्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून आज छत्रपती संभाजीनगर नाव धारण केलेल्या शहराच्या वाऱ्या कराव्यात, यापरती थट्टा कोणती? वकील लावू शकणाऱ्या लबाडाला हे अंतर सोयीचे असते. ज्याचे दावे खरे आहेत आणि खिसा रिकामा आहे त्याला ते अलंघ्य असते.

आता पैशाच्या चोरीकडे वळू. वरवर पाहता हा विषय निराळा वाटेल, परंतु त्याची नाडी तीच आहे. किनवटच्या निराधार म्हातारीला आज दरमहाचे अनुदान अंगठ्याच्या ठशावर मिळते. बँक दूर असल्यामुळे गावातील बँकमित्राच्या यंत्रावर तिने बोट टेकवावे आणि तो देईल ती रक्कम पदरात घ्यावी, असा व्यवहार आहे. सोय मोठी आहे, हे नाकारता येत नाही. पूर्वी जमातीचे नाव ही तिची ओळख होती. आता तिचा अंगठा ही तिची ओळख झाली आहे. आणि अंगठाही चोरता येतो. किनवटच्या सीमेपलीकडच्या तेलंगणात, पेद्दपल्ली जिल्ह्यात, २०१८ साली एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन-नोंदणीच्या दस्तऐवजांवरील ठसे उतरवून रबराचे अंगठे तयार केल्याचे आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केल्याचे पोलिसांना आढळले होते. याहून साधी रीत म्हणजे यंत्र चालले नाही असे सांगून दोनदा बोट टेकवून घेणे. तिच्यासाठी रबराचाही खर्च नाही.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये दोन दिवसांच्या कारवाईत देशोदेशी गेले. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या नांदेडातच शंकर नागरी सहकारी बँकेचे आयडीबीआय बँकेतील खात्यातले सुमारे चौदा कोटी रुपये परस्पर अनेक खात्यांत वळवले गेले. अशा लुटीत पैसा ज्या खात्यांतून फिरतो ती खाती बहुधा कोणा गरजू तरुणाची असतात. चार पैशांसाठी त्याने आपले पासबुक, कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती दिलेले असते. ओळख चोरीला जाते तशी ती भाड्यानेही जाते. रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने अशी भाड्याची खाती हुडकणारी यंत्रणा २०२४ साली बँकांच्या हाती दिली, हे स्वागतार्ह आहे.

या साऱ्याचा माग कोण ठेवते? तीन वह्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातील आकडे बँकांनी कळवलेल्या, एक लाख रुपये व त्याहून मोठ्या रकमेच्या प्रकरणांचे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्र पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे मोजते. गृहमंत्रालयाचे सायबर गुन्हे समन्वय केंद्र १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय पोर्टलवर आलेल्या तक्रारी मोजते. या तिसऱ्या वहीनुसार देशातील नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ साली २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट! आणि ही व्यवस्था २०२१ साली सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत तिने वाचवलेली रक्कम होती सुमारे साडेपाच हजार कोटी. म्हणजे चार वर्षांत जे वाचले ते एका वर्षात गेलेल्याच्या चतुर्थांशाएवढेही नाही. वाचले ते बहुतांशी त्यांचे, ज्यांनी फसवले गेल्याचे कळताच काही तासांच्या आत १९३० ला कळवले. येथेही निर्णय घड्याळ करते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले की, ग्राहकाचा अथवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे पळवले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर काहीही तोशीस पडू नये. सात दिवसांपर्यंत मर्यादित भार पडावा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर अवलंबून.

आता किनवटच्या त्या म्हातारीची गणना या तीन वह्यांपैकी कोणत्या वहीत होईल ते सांगा! वर्षभराचे अनुदान बुडाले तरी ते लाखाच्या जवळपासही जात नाही. पहिली वही संपली. गुन्हा नोंदवायला ती ठाण्यावर जाण्याची शक्यता कमी, आणि गेली तरी ‘बँकेत जा’ म्हणून तिची बोळवण होण्याचीच शक्यता अधिक. दुसरी वही संपली. १९३० हा क्रमांक तिला कोणी सांगितलेला नाही, आणि बँकेची सूचना ज्या दूरध्वनीवर येते तो परगावी मजुरीला गेलेल्या मुलाच्या खिशात आहे. तिसरी वहीही संपली. तिच्या बाबतीत चोरी झाली, परंतु चोरीचा कल दाखवणाऱ्या आलेखात ती झालीच नाही. फसवणूक मोजणाऱ्या संस्था ज्यांची पोच आहे त्यांचीच फसवणूक मोजतात, आणि मग त्या मापानेच बंदोबस्त ठरतो. १९८१ साली आकडा दिसला पण तपास झाला नाही. आज तपासाची साधने आहेत पण आकड्यात माणूसच दिसत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जमातीच्या दाव्यांना १९९४ साली न्यायालयाने घालून दिलेली दोन महिन्यांची मर्यादा खरोखर पाळली जावी, आणि प्रत्येक समितीने दर तिमाहीस आपल्याकडे किती दावे किती महिन्यांपासून पडून आहेत याचा तक्ता दारावर लावावा. किनवटचे नाव धारण करणाऱ्या समितीने महिन्यातून काही दिवस तरी किनवटला बसावे. निजामी अमदानीतील महसुली कागद आणि जुन्या शाळांच्या नोंदवह्या यांची छायाचित्रे घेऊन ती मोहोरबंद करावीत, म्हणजे मागाहून शाईचा थेंब पडणार नाही. खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर कायद्यातील कलम प्रत्यक्ष लावावे; आजवर शिक्षेची सारी चर्चा घेणाऱ्याभोवती फिरते आणि देणारा निवृत्तिवेतन घेत असतो. पैशाच्या व्यवहारात बँकमित्राने प्रत्येक वेळी छापील पावती दिलीच पाहिजे, १९३० हा क्रमांक मराठी, तेलुगू आणि गोंडी भाषेत त्याच्या भिंतीवर रंगवलेला असला पाहिजे, आणि तक्रारींचे आकडे तालुकावार प्रसिद्ध झाले पाहिजेत. ज्या तालुक्यातून एकही तक्रार येत नाही तो तालुका सुरक्षित समजू नये. तेथे प्रथम धावावे.

सुशिक्षित वाचकांना शेवटी एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. खोट्या पोलिसाच्या दूरध्वनीने निवृत्त प्राध्यापकाची शिल्लक लुटली गेली की आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याच नात्यागोत्यातील कोणी ‘जमवून आणलेल्या’ दाखल्यावर प्रवेश मिळवला की आपण त्याला हुशार म्हणतो, पेढे खातो आणि विषय सोडून देतो. ओळखीची चोरी ही एकच चोरी आहे. ती आपल्या घरी आली की गुन्हा आणि आपल्या घरून निघाली की युक्ती, असे मानणाऱ्या समाजाला कोणतीही समिती आणि कोणतेही यंत्र वाचवू शकणार नाही. सरकारने झोपा वेळेवर बांधावा, ही मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहेच. परंतु गोठ्यातला बैल सोडवून नेणारा ओळखीचा निघाला, तर तोंड फिरवून न घेण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.